पत्ते ज्याचे, नियम त्याचा?

(बी. ए. तृतीय वर्ष)

आमच्या कंपूतील दोन मित्र गेल्या श्रावणापासून दसऱ्यापर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते. कारण शेताच्या बांधाचे नव्हते, उसन्या पैशाचे नव्हते, की निवडणुकीचेही नव्हते. कारण होते मेंढीकोटाचा एक डाव. हे ऐकून पुष्कळांना हसू येईल. एका सरांना मी ही हकिगत सांगितली तेव्हा तेही हसले आणि म्हणाले, "पुस्तके सोडून पत्ते कुटता, मग दुसरे काय व्हायचे?"

सरांचे म्हणणे मान्य आहे. पत्ते म्हटले की आपल्याकडे आधी जुगार आठवतो आणि तो आठवावा असे पुष्कळ घडलेलेही आहे. पण मी ज्या डावाविषयी लिहीत आहे त्यात पैसा नव्हता. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला चहा पाजायचा, एवढीच पैज. तरीही दोन जिवलग मित्रांची बोलाचाल दसऱ्यापर्यंत बंद पडली. याचा अर्थ, दुखावले गेले ते चहाहून मोठे असे काहीतरी होते. ते काय होते याचा मी बरेच दिवस विचार केला आणि जे सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

मेंढीकोट माहीत नाही असा माणूस मराठवाड्यात विरळाच, तरी ज्यांनी पत्त्याला हात लावलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार जण बसतात, समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू. प्रत्येकाला तेरा पाने. उतारी ज्या रंगाची असेल त्या रंगाचे पान हाती असल्यास तेच द्यावे लागते. रंग म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर. नसेल तर हुकमाने कापता येते. दहाच्या पानाला मेंढी म्हणतात. चार मेंढ्यांपैकी तीन ज्या पक्षाला मिळतील त्याचा डाव. चारही मिळाल्या तर कोट. दोन-दोन अशी वाटणी झाली, तर ज्याचे सात किंवा अधिक हात त्याचा डाव. हात तेरा असल्यामुळे बरोबरी होऊच शकत नाही. ज्या कोणी अनामिक माणसाने हा खेळ रचला, त्याने तेरा या विषम आकड्याचा उपयोग मोठ्या खुबीने करून घेतला आहे.

अडचण सुरू होते ती सहा जण जमले म्हणजे. बावन्न पाने सहा जणांत सारखी वाटली जात नाहीत, म्हणून चारही दुर्र्या बाजूला काढतात. अठ्ठेचाळीस पाने उरतात, प्रत्येकी आठ. एकाआड एक बसून तिघे विरुद्ध तिघे. खेळ रंगतो, पण हात आठच होतात, आणि आठ ही सम संख्या आहे. मेंढ्या दोन-दोन आणि हात चार-चार असे झाले की चौघांसाठी केलेला नियम गप्प बसतो. त्याच्याजवळ उत्तर नसते. आमचे भांडण नेमके याच जागी झाले.

आपल्या पिंपळगाव रेणुकाईत मिरचीचा हंगाम म्हणजे काय असतो, हे येथील विद्यार्थ्यांना सांगायला नको. हिरव्या मिरचीच्या गोण्या येत असतात, गाड्या भरल्या जात असतात, आणि वजन होऊन पट्टी हाती पडेपर्यंत घरच्या पोराने मालाजवळ बसून राहायचे असते. अशाच एका संध्याकाळी आम्ही सहा जण रिकाम्या गोण्या अंथरून बसलो होतो. पत्ते ज्याचे होते त्या मित्राची घरची शेती मोठी. विरुद्ध पक्षात जो मित्र होता त्याचे वडील याच मित्राच्या घरी सालगडी आहेत. दोघे पहिलीपासून एका बाकावर बसलेले, कॉलेजला एकाच गाडीवर येणारे. मी पत्तेवाल्या मित्राच्या पक्षात होतो. पुढचे नीट समजण्यासाठी हे सांगणे जरूर आहे.

डाव संपला तेव्हा मेंढ्या दोन-दोन, हात चार-चार. शेवटचा हात सालगड्याच्या मुलाने इस्पिकच्या एक्क्याने घेतला होता. तो म्हणाला, "शेवटचा हात आमचा. डाव आमचा."

पत्तेवाला मित्र म्हणाला, "असं कुठं असतं? दोन मेंढ्या आधी आम्ही केल्या. ज्याच्या मेंढ्या आधी, त्याचा डाव."

तिसरा एकजण मध्येच म्हणाला, "मह्या मामाच्या गावी, धाडकडं, बरोबरी झाली की डाव बाद करतेत अन् ज्यानं वाटले त्यानंच पुन्हा वाटायचे."

एकाने मोबाईल काढून पाहिले. तिथे सहा जणांच्या बरोबरीविषयी काही मिळाले नाही. तेव्हा सालगड्याचा मुलगा शांतपणे म्हणाला, "काहून रे, पंधरा दिसापूर्वी अशीच बरोबरी झालती. तव्हा शेवटचा हात तुम्हा लोकाईचा होता अन् डाव तुम्हीच घेतला होता."

हे खरे होते. मला चांगले आठवत होते. त्या दिवशीही मी याच पक्षात होतो आणि त्याच नियमाने मिळालेला चहा मी प्यालो होतो. पण मी काही बोललो नाही.

जवळच पत्तेवाल्या मित्राचे चुलते काट्याकडे लक्ष ठेवून उभे होते. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. त्यांना विचारले. त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितले, "ज्याच्या मेंढ्या आधी त्याचा डाव. आमच्या काळापासून असंच हाये." निकाल लागला. सालगड्याच्या मुलाने हातातले पान खाली ठेवले, खिशातून आपल्या वाट्याचे चहाचे पैसे काढून गोणीवर ठेवले आणि उठता उठता म्हणाला, "बराबर हाये. पत्ते ज्याचे, नियम त्याचा." दुसऱ्या दिवसापासून तो एस. टी.ने कॉलेजला येऊ लागला.

आता प्रश्न असा की अन्याय नेमका कुठे झाला? मला प्रथम वाटले, नियम चुकीचा होता. पण विचार केल्यावर तसे वाटेना. शेवटचा हात, आधीच्या मेंढ्या, किंवा डाव बाद, या तिन्ही नियमांनी खेळ खेळता येतो. प्रत्येकाच्या बाजूने काही ना काही बोलता येते. शेवटच्या हातापर्यंत चुरस राहावी असे वाटत असेल तर पहिला नियम बरा. मेंढी हाच खेळाचा जीव मानला तर दुसरा बरा. कुणावरच अन्याय नको असेल तर तिसरा. तिन्हींपैकी कोणताही एक डाव मांडण्यापूर्वी ठरला असता, तर कुणी ब्र काढला नसता. अन्याय झाला तो यात, की पाने उलगडून झाल्यावर, कोणत्या नियमाने कोण जिंकतो हे सर्वांना दिसत असताना नियम निवडला गेला; तोही ज्याचा फायदा होता त्याच्याकडून, आणि त्याच्याच घरच्या माणसाच्या तोंडून. पंधरा दिवसांपूर्वी एक नियम आणि आज दुसरा, दोन्ही वेळा जिंकणारा मात्र एकच. याला निकाल म्हणता येत नाही. ही नुसती सोय झाली.

आपण राज्यशास्त्रात भारतीय घटनेचे विसावे कलम शिकतो. एखादे कृत्य घडले त्या वेळी जो कायदा अंमलात होता त्याचा भंग झाला असेल तरच माणसाला दोषी ठरवता येते, मागाहून केलेल्या कायद्याने नाही, हे त्या कलमाच्या पहिल्याच पोटकलमाचे तत्त्व. परीक्षेत त्यावर आपण पानभर उत्तर लिहितो. पण मिरचीच्या गोणीवर बसल्यावर ते कलम आमच्यापैकी एकालाही आठवले नाही, आणि मी तर त्या विषयाचा विद्यार्थी आहे.

याच प्रकारची गाठ सगळ्या जगाच्या डोळ्यांदेखत पडल्याचे उदाहरण पुष्कळांना आठवत असेल. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांच्याही २४१ धावा. मग सुपर ओव्हर. त्यातही दोघांच्या १५. शेवटी ज्याचे चौकार-षटकार अधिक तो विजयी, या नियमाने २६ विरुद्ध १७ असा हिशेब होऊन इंग्लंडला चषक मिळाला. नियम चांगला नव्हता, असे जगभर लोक म्हणाले. मलाही तसेच वाटते. पण तो नियम सामन्याआधी लिहिलेला होता आणि दोन्ही संघांना माहीत होता, म्हणून निकाल कायम राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो नियम बदलण्यात आला: उपांत्य व अंतिम सामन्यात निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर खेळवायची असे ठरले. मात्र हा बदल पुढच्या सामन्यांसाठी झाला. वाईट नियम असला तरी तो आधी ठरलेला असेल तर हरणारा मान ताठ ठेवून घरी जाऊ शकतो. चांगला नियम मागाहून आणला तर जिंकणाऱ्यालासुद्धा मान खाली घालावी लागते. चहा पिताना मी तो अनुभव घेतला आहे.

यावर तात्यांसारखी जुनी माणसे म्हणतील, आणि काहीजण म्हणालेही, "अरे, खेळ तो खेळ. त्याला कसले कायदे आणि कलमे? आमच्या पिढ्या गेल्या पारावर पत्ते खेळण्यात, कधी कागद लागला नाही." हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. तोंडी नियमात एक माया असते. लहान पोराला चुकून टाकलेले पान परत घेऊ देतात, पाहुण्याला पहिली उतारी देतात, आजीला दिसत नाही म्हणून तिचे पान शेजारच्याने वाचून दाखवलेले चालते. छापील नियमात हा ओलावा येणार नाही. पण ही माया कुणाच्या हातात असते? ज्याच्या ओसरीवर डाव मांडला त्याच्या. तो दिलदार असेल तोवर सगळे गोड असते. तो अडला की बाकीच्यांनी काय करायचे? खालच्या बाजूला बसलेल्या माणसाला कृपा नको असते, नियम हवा असतो, कारण कृपा मागावी लागते आणि नियम नुसता दाखवता येतो.

शिवाय आपल्या मातीतले जे खेळ गावाची शीव ओलांडून बाहेर गेले, ते नियम लिहिले गेले म्हणूनच गेले. खो-खो गावोगाव वेगळा होता. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बसवण्याचे काम हाती घेतले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला त्याच खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. हुतूतूचेही तसेच. बाद झालेला गडी परत जिवंत होतो ती संजीवनी, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसतो ती गामिनी, आणि बाद होऊनही मैदानातच राहतो ती अमर, असे तीन प्रकार खेळले जात. तिन्ही आपापल्या गावी खरेच होते. पण एका गावाचा संघ दुसऱ्या गावाशी भिडायचा म्हटल्यावर कोणता तरी एक आधी ठरवावा लागला. बाद झालेल्या गड्याला बाहेर बसवायचे की नाही हे त्या गड्याचे नाव पाहून ठरवले असते, तर कबड्डी कधीच आशियाई स्पर्धेपर्यंत पोचली नसती.

दिवाळीत पुण्याला शिकणारा माझा मामेभाऊ आला होता. त्याला मी ही हकिगत सांगितली, तेव्हा त्याने पिशवीतून वेगळ्याच पत्त्यांचा जुडगा काढला. मॅजिक : द गॅदरिंग असे त्या खेळाचे नाव. अमेरिकेतल्या रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या अभ्यासकाने तो रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. आपल्या जुडग्यात बावन्न ठरलेली पाने असतात. या खेळात तसे नाही. पाने पाकिटांतून विकत घ्यायची, जमवायची, अदलाबदल करायची आणि त्यांतून ज्याने त्याने आपला जुडगा बांधायचा. प्रत्येक पानावर त्या पानाचा स्वतःचा नियम छापलेला. आजवर हजारो वेगवेगळी पाने निघाली आहेत. तेव्हा एका वर्षी निघालेले पान आणि पुढे केव्हातरी निघालेले दुसरे पान एका डावात समोरासमोर आले की काय होईल, हे ते काढणाऱ्यांनाही सगळे कुठून ठाऊक असणार? आमच्याकडे एक गाठ होती. तिथे गाठींचा डोंगर. तरीही चार-चार, पाच-पाच जण बसून तो खेळतात आणि डाव तडीला नेतात.

त्याने मला एक प्रसिद्ध कोडे सांगितले. १९९७ साली निघालेले ह्युमिलिटी नावाचे एक पान आहे. ते टेबलावर असले की सगळ्या प्राण्यांचे विशेष गुण नाहीसे होतात आणि प्रत्येकाचे बळ एकच उरते. १९९९ सालचे ओपॅलेसन्स नावाचे पान सांगते की टेबलावरील त्याच्यासारखी इतर मंत्रपाने प्राणी होतात आणि त्यांचे बळ त्यांच्या किमतीइतके होते. आता ह्युमिलिटी हेही एक मंत्रपानच. दोन्ही एकत्र आली की ह्युमिलिटी स्वतःच प्राणी होते. म्हणजे स्वतःच्याच नियमाने तिचा गुण जातो. गुण गेला तर तिचा नियम उरला कुठे? आणि नियम उरला नाही तर गुण गेलाच कसा? मी म्हटले, "इथे तर खून पडतील!" तो हसला. म्हणाला, त्याचे उत्तर पुस्तकात आहे. परिणाम ठरलेल्या पायऱ्यांनी लावायचे. एकदा लागू होऊ लागलेला परिणाम मधल्या पायरीवर तोडायचा नाही. आणि शेवटी बळाच्या आकड्यावरून तंटा उरला, तर जे पान टेबलावर नंतर आले त्याचे चालायचे.

त्या खेळाचे नियमपुस्तक अडीचशेहून अधिक पानांचे आहे. ते मी वाचलेले नाही आणि वाचण्याची इच्छाही नाही. पण त्यातील तीन-चार मूळ तत्त्वे त्याने मला समजावून दिली, ती मला फार मोलाची वाटली. पहिले, पानावरचा खास नियम आणि पुस्तकातला सर्वसाधारण नियम यांत विरोध आला तर पानाचे खरे. दुसरे, एक नियम 'कर' म्हणतो आणि दुसरा 'करता येणार नाही' म्हणतो, तर मनाई वरचढ. तिसरे, अनेकांना एकाच वेळी काही निवडायचे असेल तर ज्याची पाळी चालू आहे त्याच्यापासून सुरुवात करून क्रमाने पुढे जायचे. ज्याचा आवाज मोठा त्याच्यापासून नव्हे. आणि कोणत्याही पानाला मोडता येत नाही असा एक नियम आहे: खेळाडूला कधीही हार पत्करून डाव सोडता येतो. यातले एकही तत्त्व पत्ते कुणाचे आहेत, हे विचारत नाही.

हा शोध काही परक्यांनीच लावला असे मात्र समजू नये. संस्कृत घेतलेल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे की पाणिनीने जवळजवळ चार हजार सूत्रांत व्याकरण बांधले, आणि दोन सूत्रे एकाच जागी लागू होऊ पाहतात तेव्हा काय करायचे यासाठी वेगळे सूत्र दिले. नंतरचे सूत्र बलवान, असा त्याचा अर्थ परंपरेने लावला जातो. २०२२ साली केंब्रिज विद्यापीठातील ऋषी राजपोपट या संशोधकाने त्याचा निराळा अर्थ मांडला आणि त्यावर विद्वानांत वादही झाला. उत्सर्ग आणि अपवाद, म्हणजे सर्वसाधारण नियमावर खास नियमाची मात, हे तर व्याकरणाच्या वर्गातले रोजचे शब्द. मीमांसकांनी वाक्यांचा अर्थ ठरवण्याची सहा प्रमाणे सांगितली आणि त्यांच्यातही कोण कोणाहून प्रबळ याची उतरंड लावली. हे सारे त्यांनी यज्ञ, शब्द आणि धर्मशास्त्र यांसाठी केले. पण तंटा पडण्याआधी तंट्याचा नियम करून ठेवावा, ही दृष्टी तीच आहे. ती आपल्याकडे इतकी जुनी असून ओसरीवर आणि बाजारात का उतरली नाही, याचे मला नवल वाटते.

ही तत्त्वे घेऊन मी आमच्या मेंढीकोटाकडे परत आलो. आमच्याकडे नेहमी वाद होणाऱ्या तीन जागा आहेत.

पहिली जागा सहा जणांच्या बरोबरीची. तिच्यावर न्याय करत बसण्यापेक्षा ती जागाच काढून टाकता येते. दुर्र्यांबरोबर तिर्र्याही काढाव्यात आणि इस्पिक व किलवरचे चौके काढावेत. बेचाळीस पाने उरतात, प्रत्येकी सात. हात सात झाले की मेंढ्या दोन-दोन होऊनही कुणाचे तरी चार हात होणारच. काळ्या रंगांची दहा-दहा आणि तांबड्यांची अकरा-अकरा पाने राहतात, एवढी विषमता त्यात आहे. पण ती सर्वांना सारखीच आहे आणि आधीपासून माहीत आहे.

दुसरी जागा बंद हुकमाची. आम्ही हुकमाचे एक पान पालथे ठेवतो आणि ज्याच्याजवळ उतारीचा रंग नाही तो वाटल्यास हुकूम उघडायला सांगतो. समजा बदामाची उतारी झाली. दुसऱ्याकडे बदाम नाही. त्याने हुकूम न मागताच किलवर टाकली. तिसऱ्याकडेही बदाम नाही. त्याने हुकूम उघडला आणि हुकूम निघाला किलवरचा. दुसऱ्याची किलवर आता हुकूम धरायची का? एक पक्ष म्हणतो, हुकूम पहिल्यापासून किलवरच होता, फक्त झाकलेला होता. दुसरा म्हणतो, उघडेपर्यंत तो कुणासाठीच हुकूम नव्हता. माझे मत दुसऱ्याच्या बाजूचे आहे. ज्या नियमाची खबर खेळणाऱ्याला नव्हती त्याचा लाभही त्याला नको आणि तोटाही नको. उघडल्यानंतर पडलेल्या पानांपासूनच हुकूम मोजावा.

तिसरी जागा सर्वांत गमतीची. पालथे पान चौकटची राणी आहे आणि ते ठेवणाऱ्याजवळ दुसरी चौकट नाही. उतारी चौकटची झाली. रंग हाती असेल तर दिलाच पाहिजे, हा एक नियम. हुकूम उघडल्याशिवाय पालथ्या पानाला हात लावता येत नाही, हा दुसरा. त्याने काय करावे? मामेभावाने सांगितलेले तत्त्व लावले तर उत्तर लगेच मिळते. मनाई वरचढ, म्हणून पालथे पान हातातले धरायचे नाही. त्याच्याजवळ चौकट नाही असे समजून त्याने वाटेल ते पान टाकावे किंवा हुकूम उघडावा. पालथ्या पानाचा नियम खास आहे आणि रंग देण्याचा सर्वसाधारण आहे, हे पाहिले तरी उत्तर तेच येते. दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोचलो म्हणजे वाट बहुधा बरोबर असते.

कुणी म्हणेल, हे सगळे मोबाईलवर खेळले म्हणजे मिटते; तिथे यंत्रच निकाल देते. खरे आहे. तिथे भांडण होत नाही, कारण नियम कुणीतरी आधीच घालून ठेवलेला असतो. पण तो घालताना आपल्याला कुणी विचारलेले नसते, आणि तिथे शेजारी बसून खांद्यावर हात टाकणारा भिडूही नसतो. मला यंत्राचा निकाल नको आहे. आम्ही सहा जणांनी मिळून, डाव मांडण्यापूर्वी, सर्वांच्या देखत ठरवलेला नियम हवा आहे.

एक गोष्ट राहिली, ती माझ्या स्वतःविषयीची. नियम नसला तरी मागचा निकाल होता, आणि तो मला आठवत होता. जिथे लेखी नियम नसतो तिथे मागचा निकाल हाच नियम असतो आणि तो ज्याला आठवतो तो साक्षीदार असतो. मी साक्ष दिली नाही. तात्यांना मी दोष देत नाही. त्यांना त्या मागच्या डावाची माहिती नव्हती आणि त्यांचे लक्ष काट्याकडे होते. पत्तेवाल्या मित्रालाही एकट्याला दोष देता येणार नाही. ऐन चुरशीत माणसाला आपल्या सोयीचेच आठवते. पण मला दोन्ही निकाल आठवत होते आणि तरी मी चहा प्यालो. उद्या आपल्यापैकी कुणी शिक्षक होईल, कुणी तलाठी, कुणी गावचा सरपंच. तेव्हा पुढ्यात पत्ते नसतील, सात-बारा असेल, पाण्याची पाळी असेल, घरकुलाची यादी असेल. गोणीवर बसून जो गप्प राहिला तो तिथे बोलेल, याचा भरवसा कुणी द्यावा?

दसऱ्याला सोने द्यायला मी त्या मित्राच्या घरी गेलो आणि मला आठवत होते हे त्याला सांगितले. तो म्हणाला, "मला ठावं होतं तुला आठवतंय म्हणून." त्यापेक्षा तो रागावला असता तर बरे वाटले असते. त्याच संध्याकाळी पत्तेवाला मित्रही त्याच्याकडे गेला होता असे मागाहून कळले. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

दिवाळीनंतर आम्ही वरचे तीन नियम वहीच्या एका पानावर लिहिले आणि पुन्हा सहा जण बसलो. वाटण्याआधी तो कागद सर्वांनी वाचायचा असे ठरले. सालगड्याच्या मुलाने तो दोनदा वाचला आणि विचारले, "अन् शेवटपर्यंत कोणी हुकूम मागितलाच नाही तर? शेवटच्या हाताला याच्याजवळ ते पालथं पानच उरंल. त्याला हात लावायचा नाही म्हणता, मग तो टाकंल काय?"

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. कुणालाही हे सुचलेले नव्हते. पत्तेवाला मित्र पत्ते पिसत होता, तो थांबला. त्याने जुडगा खाली ठेवला आणि पेन त्याच्याकडे सरकवले. शेवटच्या हाताला हुकूम कुणी न मागताही उघडावा आणि ते पान हुकूम म्हणूनच धरावे, असे पाच मिनिटे बोलून सर्वांनी ठरवले. त्याने ते चौथा नियम म्हणून लिहिले. मग पाने वाटली.